अमूर्त चित्राचा पत्ता

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांबद्दल लिहायची वेळ आली की समीक्षकाच्या लेखणीतून हमखास समुद्र वाहू लागतो. पृष्ठभाग निळसर-राखाडी असेल तर मुंबईचा समुद्र, पिवळा असेल तर उन्हातली वाळू, काळपट असेल तर पावसाआधीचं आभाळ. सय्यद हैदर रझांकडे वळलं की मंडल्याचं जंगल आणि नर्मदा. नसरीन मोहमदींच्या रेषांमागे आखाताचं वाळवंट. यातलं सगळंच खोटं आहे असं नाही. पण ही वाचनाची रीत आळशी आहे. चित्रकारानं वर्षानुवर्षं खपून झाड, घर, माणूस, क्षितिज असं एकेक चित्राबाहेर काढायचं आणि आपण ते मागच्या दारानं परत आणून बसवायचं, असा हा प्रकार. अमूर्त चित्रकारावर जागेचा आणि प्रवासाचा परिणाम होतो, चांगला खोलवर होतो. मात्र तो डोळ्यांआधी हातावर होतो, असं माझं म्हणणं आहे. कुठल्या गावात केवढी भिंत मिळाली, उजेड कुठून आला, बाजारात कोणता रंग होता, भाडं किती आणि पोटासाठी दिवसाचे किती तास विकावे लागले, या गोष्टी अमूर्त चित्रात ज्या थेटपणे उतरतात, तशी नदी किंवा टेकडी उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत मुंबईतून निघालेल्या, मुंबईत आलेल्या आणि मुंबई सोडून गेलेल्या चित्रकारांचा इतिहास या दृष्टीनं पाहिला तर पुरावा भरपूर सापडतो.

जागेला चित्रविषय मानण्याची सवय आपल्याकडे मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टनं लावली. हातात जलरंगांची पेटी घेऊन नाशिकचा घाट, वाईची देवळं, जमलं तर बनारस गाठायचं आणि जागेवर बसून निसर्गचित्र करायचं, ही मुंबईच्या चित्रकारांची जुनी रीत. रझा याच रीतीत तयार झाले. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्म, वडील वनखात्यात, शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जेजेत. चाळिशीच्या दशकातली त्यांची मुंबईच्या रस्त्यांची जलरंगातली चित्रं पाहिली तर जागा, ऋतू आणि दिवसाची वेळही सांगता येते. १९४८ साली ते काश्मीरला गेले तेव्हा तिथे त्यांना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहिली, कौतुक केलं आणि चित्रांत बांधणी नाही हेही ऐकवलं. फ्रेंच चित्रकार सेझान पाहा, असा सल्ला दिला. रझांनी तो मनावर घेतला आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिस गाठलं. सल्ल्याचं स्वरूप लक्षात घेण्याजोगं आहे. दुसरी टेकडी रंगव असं तो सांगत नव्हता. आहे तीच टेकडी वेगळ्या पद्धतीनं उभी कर, एवढंच सांगत होता.

इथेच एक गोष्ट नोंदवून पुढे जातो. प्रवास नेहमी चित्रकारच करतो असं नाही. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेली माणसं मुंबईत स्थिरावली आणि शहराच्या चित्रकलेचं वारं बदललं. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाले, रुडॉल्फ फॉन लायडन समीक्षा लिहू लागले, इमॅन्युएल श्लेसिंजर चित्रं विकत घेऊ लागले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या पोरांना या तिघांच्या बैठकीत युरोपच्या चित्रांचे छापील नमुने बघायला मिळाले. छापील, हे महत्त्वाचं. त्याकडे पुन्हा यायचं आहे.

मुंबईतल्या एका जागेचा इतिहास मात्र जरा सावकाश सांगायला हवा, कारण माझा मुद्दा तिच्यावर उभा आहे. आझाद हिंद सेनेच्या खटल्यात बचावाची बाजू लढवणारे वकील भुलाभाई देसाई १९४६ साली वारले. वॉर्डन रोडवर समुद्रालगत त्यांचा बंगला होता. त्यांच्या सूनबाई मधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांच्या पुढाकारानं या वास्तूत भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि पन्नाशीच्या दशकात तिथल्या खोल्या कलावंतांना नाममात्र भाड्यानं मिळू लागल्या. रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळा तिथे भरायची, नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींचं काम तिथे चालायचं, आणि खोल्याखोल्यांतून हुसेन, गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर, नसरीन मोहमदी असे चित्रकार. त्या काळच्या मुंबईत चित्रकाराला खोली मिळणं म्हणजे काय होतं, हे गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दोन खोल्यांत सात-आठ माणसं, तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणं. चार फुटी ओला कॅनव्हास टेकवून ठेवायचा कुठे? तैलरंग सुकायला दिवस लागतात, वास दरवळतो, आणि मध्येच कुणी अंथरूण घातलं की खेळ खलास. गायतोंड्यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला, घराणं मूळचं गोव्याचं आणि वाढ गिरगावातली. घरातून विरोध पत्करून ते जेजेत गेले आणि १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. पन्नाशीच्या सुरुवातीला त्यांच्या चित्रांवर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची छाया आहे: बारीक रेषा, लहान आकार, कागदावर किंवा छोट्या कॅनव्हासवर मावणारं जग. ही छाया पुस्तकातून आली होती आणि पुस्तकाच्या पानाच्या मापानंच आली होती. दशकाच्या अखेरीस रेषा मागे पडल्या, आकृत्या विरघळल्या, रंगाचा पृष्ठभागच चित्र झाला. हा बदल केवळ मोठी खोली मिळाल्यामुळे झाला असं कुणी म्हणणार नाही. पण ओला पृष्ठभाग दिवसेंदिवस भिंतीला टेकवून, समोर बसून नुसता बघत राहण्याची सोय झाल्याशिवाय तो झाला असता, असंही मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: त्याच इमारतीत हुसेन घोडे आणि बायका रंगवत होते. तोच समुद्र, तेच भाडं, तोच खारा वारा. मग एकाच्या कॅनव्हासवर आकृत्यांची गर्दी आणि दुसऱ्याच्या कॅनव्हासवर काहीच नाही, असं का? हा आक्षेप समुद्रवाल्या समीक्षकांना गारद करतो, मला नाही. जागा चित्र ठरवत असती तर सगळ्यांची चित्रं एका वळणाची झाली असती. जागेनं प्रत्येकाला फक्त मोकळीक दिली: वेळेची, मापाची, चुकण्याची. हुसेननं त्या मोकळीकीतून वेग काढला, गायतोंड्यांनी संथपणा. निवड माणसाची, पण निवडीला वाव असणं ही गोष्ट पत्त्यावर अवलंबून असते. भुलाभाईतल्या खोल्या साठच्या दशकात रिकाम्या झाल्या, पुढे इमारतही पडली. त्या जागी आता ‘आकाशगंगा’ हा मनोरा उभा आहे. मुंबईत त्यानंतर चित्रकारांना एका छपराखाली अशी सोय पुन्हा मिळाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गायतोंडे १९६४ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या फंडाची फेलोशिप घेऊन न्यूयॉर्कला गेले. तिथला चित्रकार मार्क रॉथको याची चित्रं आणि यांची चित्रं शेजारी ठेवली की साम्य उघड दिसतं. म्हणजे प्रवासानं शैली दिली, आणि तीही उसनी. सनावळी बघितली की हा युक्तिवाद टिकत नाही. आकृतीविरहित चित्रं ते पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून करत होते. टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना १९५७ मध्येच बक्षीस मिळालं होतं. १९६३ साली अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज मुंबईत येऊन त्यांची चित्रं पाहून गेला आणि भारावून न्यूयॉर्कच्या गॅलरीवाल्यांना पत्र लिहिता झाला. म्हणजे न्यूयॉर्कला पोचण्याआधी त्यांचा रस्ता ठरलेला होता. मग तिथे मिळालं काय? एक तर नोकरीधंद्याची चिंता नसलेला काळ. आणि दुसरं, जे कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही: खरं माप. छापील पानावर सगळी चित्रं वीतभर असतात आणि सगळ्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. माणसाच्या उंचीच्या कॅनव्हाससमोर उभं राहिलं की रंगाचा थर कुठे पातळ आहे, खालचा रंग कुठे डोकावतो, कडा कशी सोडली आहे हे दिसतं. गायतोंड्यांच्या आधीच्या बऱ्याच चित्रांत आडवा कॅनव्हास आणि त्यावर क्षितिजासारखा आडवा पट्टा आढळतो. समुद्र शोधणाऱ्यांना तिथे खुशाल शोधू द्यावा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ते उभ्या कॅनव्हासकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. उभ्या मापात क्षितिजाला पसरायला जागा राहत नाही. परदेशवारीनंतर त्यांच्या चित्रातून उरलासुरला देखावाही निघून गेला, ही गोष्ट उसनवारीच्या आरोपापेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहे.

त्यांच्या हाताची रीत जवळून पाहिली तर हे पटतं. कुंचला त्यांनी बराचसा बाजूला ठेवला होता. पातळ केलेला तैलरंग रोलरनं कॅनव्हासवर चढवायचा, वर पॅलेट नाइफ फिरवून काही ठिकाणी खरवडायचा, पुन्हा थर. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे रंगात बुडवून किंवा ओल्या थरावर दाबून उचलायचे. उचलताना रंगाचा काही भाग कागदाबरोबर निघून येतो आणि मागे फाटलेल्या कडेचा अस्पष्ट ठसा राहतो. जवळ गेलं की हे ठसे कुठल्याशा अवाचनीय लिपीतल्या अक्षरांसारखे दिसतात, दोन पावलं मागे आलं की रंगात बुडून जातात. या कामात घाई चालत नाही. एक थर सुकेपर्यंत दुसरा चढवता येत नाही. वर्षाकाठी पाच-सहा चित्रांपलीकडे ते जात नसत. १९७२ मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीत निजामुद्दीन ईस्टमध्ये भाड्याच्या लहान घरात बस्तान हलवलं. समुद्र शेकडो मैल दूर राहिला, आणि त्यांची पुष्कळशी उत्तम चित्रं इथे, या समुद्र नसलेल्या शहरात झाली. समुद्र हाच उगम असता तर तो इथे आटायला हवा होता. त्याउलट १९८४ च्या अपघातानं शरीर जायबंदी झालं तेव्हा काम खरोखरच बदललं: काही वर्षं मोठा कॅनव्हास बंद, आणि त्याऐवजी कागदावर शाईची छोटी चित्रं. समुद्र सुटल्यानं जे झालं नाही ते हात उंच जाईना तेव्हा झालं.

रझांचं प्रकरण वरवर पाहता माझ्या विरोधात जातं. त्यांच्या चित्रातला बिंदू, त्रिकोण, पंचमहाभूतं, देवनागरीतल्या ओळी, ‘मां’ (१९८१) आणि ‘सौराष्ट्र’ (१९८३) ही नावं, सगळं भारताकडे बोट दाखवतं. लहानपणी शाळेत मन थाऱ्यावर यावं म्हणून मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची गोष्ट रझांनी स्वतः पुष्कळदा सांगितली. परदेशात राहून मातृभूमी आठवली, अशी सोपी कहाणी त्यातून तयार झाली. काही जण तर याला बाजाराची खेळी म्हणतात, आणि ‘सौराष्ट्र’ २०१० साली लंडनच्या लिलावात सोळा कोटींवर गेलं तेव्हा त्यांचा आवाज आणखी चढला. दोन्ही पक्ष एक प्रश्न विचारत नाहीत. ठिपका लहानपणापासून डोक्यात होता तर तो कॅनव्हासवर ठाण मांडायला सत्तरच्या दशकाची अखेर का उजाडली? पॅरिसमधल्या पहिल्या वर्षांत रझा दक्षिण फ्रान्सची गावं, घरं, चर्च रंगवत होते, जाड तैलरंगात, चाकूनं थापून. १९५६ मध्ये समीक्षकांचं पारितोषिक मिळालं ते याच काळात. १९६२ मध्ये ते बर्कलीला शिकवायला गेले, अमेरिकन चित्रकारांचं काम पाहिलं आणि त्यानंतर हळूहळू अ‍ॅक्रिलिककडे वळले. अ‍ॅक्रिलिक लवकर सुकतं, सपाट बसतं, त्याची कड धारदार ठेवता येते. तैलरंगाच्या जाड, लिबलिबीत थरात काळं वर्तुळ नेमकं काढणं किती अवघड आहे ते कोणताही विद्यार्थी सांगेल. सत्तरच्या दशकात भारतातल्या फेऱ्या वाढल्या, राजस्थान, गुजरात, अजिंठा-वेरूळ, बनारस झालं. आठवण मंडल्याची होती, ती पक्की बसवणारा रंग अटलांटिकपलीकडून आला, आणि दोन्ही एकत्र आले ते फ्रान्समधल्या भिंतीवर, पॅरिसमध्ये आणि उन्हाळ्यात गोर्बियो नावाच्या डोंगरगावात. यातलं एक जरी काढलं तरी बिंदू मास्तरांच्या भिंतीवरच राहिला असता.

नसरीन मोहमदींच्या बाबतीत प्रवासाची यादी सगळ्यात लांब: कराचीत जन्म, मुंबईत बालपण, लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, मग पॅरिस, आखातात बहारीनला कुटुंबाचा व्यवसाय, दिल्ली, आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. त्यांनी वाळवंटातले रस्ते, फत्तेपूर सिक्रीची फरशी, मागाचे ताणे, किहीमच्या किनाऱ्यावर ओहोटीनं सोडलेल्या रेघा यांचे फोटो काढले. पण ते फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत, आणि रेखाटनांना नाव-सन देणंही टाळलं. याचा सरळ अर्थ असा की बघितलेली जागा आणि काढलेली रेघ यांच्यात जोडाजोड करणं त्यांना मंजूर नव्हतं. रेघ आली ती आर्किटेक्टच्या आखणीच्या साधनांतून, शाई आणि पेन्सिलमधून, बडोद्यातल्या जवळजवळ रिकाम्या ठेवलेल्या खोलीतून. प्रभाकर बरवे यांचं उदाहरण याहून जमिनीवरचं आहे. अलिबागजवळच्या नागावचा हा माणूस १९६१ साली विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागला आणि पुढची काही वर्षं बनारसला राहिला. ही केंद्रं १९५६ पासून हातमागाला नवी नक्षी मिळावी म्हणून सरकारनं काढली होती. पुपुल जयकर यांच्या पुढाकारामुळे तिथे चित्रकारांना पगारी जागा मिळाल्या. बनारसमध्ये बरव्यांना तंत्रमार्गातली यंत्रं, आकृत्या दिसल्या, आणि मुंबईत परतल्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला: सपाट, चकचकीत, कुंचल्याची खूण पुसून टाकणारा. त्यांच्या पिढीला आयात रंगांच्या ट्यूबा परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे दुर्मीळच होत्या. दांडेकरांच्या कॅमलिननं चित्रकारांचे रंग बनवायला घेतले तेव्हा कुठे जरा सुटका झाली. बरव्यांचं चित्र संपूर्ण अमूर्त नाही, पान, घड्याळ, टोपी त्यात असतात. तरी पोकळीत सुट्या तरंगणाऱ्या त्या वस्तूंमागे बनारसची बदली आहे, बनारसचा घाट नाही.

शेवटी सगळ्यात अडचणीचा माणूस: आंबादास. अकोल्याचे, जेजेत शिकलेले, विणकर सेवा केंद्रातच नोकरी केलेले, १९६३ साली ज्या ‘ग्रुप १८९०’ च्या प्रदर्शनाचं उद्घाटन नेहरूंनी केलं त्या गटातले. १९७२ मध्ये ते नॉर्वेला गेले आणि २०१२ साली ओस्लोतच वारले. चाळीस वर्षं बर्फात काढून त्यांचा तो वळसे घेणारा, तंतू-तंतू सुटलेला रंगाचा फटकारा फारसा बदलला नाही. जागेचा परिणाम होतो तर मग इथे का नाही? उत्तर मला त्यांच्या हातातच दिसतं. फटकाऱ्याची ती पद्धत त्यांनी ओस्लोला जाण्याआधीच पक्की केली होती, आणि ओस्लोनं ती मोडायला लावणारं काहीच पुढे केलं नाही. रंग मिळत होता, खोली होती. पद्धत एकदा सापडली आणि तिला लागणारं सामान मिळत राहिलं की खिडकीबाहेर आम्रवृक्ष आहे की पाइन, याला फार अर्थ उरत नाही. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला मर्यादा घालतं आणि ती मी मान्य करतो: जागा चित्रकाराला घडवते ती मुख्यतः तो पद्धतीच्या शोधात असतो तोवर.

गायतोंडे स्वतः विचारलं तर परिसराचा आपल्या कामाशी संबंध नाही असंच म्हणायचे. झेनची वाट त्यांना जवळची होती आणि बाहेरचं सगळं गौण. चित्रकाराच्या शब्दाचा मान ठेवूनही इतिहासकारानं तो पुरावा म्हणून जसाच्या तसा घेऊ नये. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा जगानं त्यांची चित्रं पाहिली. खोल्या, भाडी, रोलर आणि रंगाच्या ट्यूबा यांचा इतिहास मात्र अजून विखुरलेलाच आहे. वॉर्डन रोडच्या त्या इमारतीत ज्यांच्या घरच्या माणसानं कधी खोली घेतली असेल, किंवा मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली असेल, त्यांच्या कपाटात भाड्याच्या पावत्या, रंगवाल्याची बिलं, पत्रं, स्टुडिओतले साधे फोटो पडून असण्याची शक्यता आहे. रद्दीवाल्याला बोलवण्याआधी ते एकदा चाळून पाहा आणि एखाद्या संग्रहालयाकडे सोपवा.